स्विफ्ट दुर्बीण खाली घसरतेय, पण त्यात वेग बदलणाऱ्या ताऱ्यांचा काय संबंध?

सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने अमेरिकेतल्या कॅटलिस्ट स्पेस टेक्नॉलॉजीज या कंपनीला सुमारे ३ कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. काम एका ओळीत सांगता येतं. खाली घसरत चाललेल्या एका जुन्या दुर्बिणीला अवकाशात गाठायचं, पकडायचं आणि पुन्हा वर ढकलायचं.

या दुर्बिणीचं नाव स्विफ्ट. नोव्हेंबर २००४ मध्ये ती अवकाशात गेली. कक्षा उंचावण्यासाठी लागणारं इंजिन तिच्याकडे नाही. गेल्या काही वर्षांत सूर्य जास्त सक्रिय झाला, त्यामुळे पृथ्वीच्या वातावरणाचे वरचे थर तापून फुगले आणि स्विफ्टला होणारं घर्षण वाढलं. वेळीच काही केलं नाही, तर २०२६ च्या अखेरीपर्यंत ती वातावरणात शिरून नष्ट होऊ शकते, असा अंदाज आहे.

बातम्यांमध्ये स्विफ्टची ओळख 'गॅमा किरणांचे स्फोट पकडणारी दुर्बीण' अशी येते. ते खरंच आहे. पण तिचं आणखी एक काम आहे, ज्याची बातमी होत नाही. ती आकाशाची रोजची हजेरी घेते. कोणता एक्स-रे स्रोत आज किती तळपतोय, कोण गप्प आहे, कोण अचानक जागा झालाय, याची नोंद वीस वर्षांहून जास्त काळ होत आली आहे.

या हजेरीपटावरचे सगळ्यात लहरी विद्यार्थी म्हणजे जोडताऱ्यांमधले पल्सार. त्यांच्या वागण्यातली वळणं दिवसांत दिसत नाहीत, कधी कधी वर्षांतही नाही. त्यासाठी दशकं लागतात. आणि अडचण अशी, की दुर्बिणीचं आयुष्य बहुतेक वेळा त्याहून कमी असतं.

हे नीट समजून घेऊया.

पल्सार म्हणजे नेमकं काय?

सूर्याहून बराच मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो, तेव्हा त्याचा गाभा आत कोसळतो. त्यातून अनेकदा न्यूट्रॉन तारा उरतो. त्याचं वस्तुमान साधारणपणे सूर्याच्या १.४ पट असतं आणि व्यास जेमतेम २० ते २५ किलोमीटर. एवढासा गोळा, पण आत अख्ख्या सूर्याहून जास्त ऐवज.

हा गोळा स्वतःभोवती गरागरा फिरतो. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा किरणांचा झोत प्रत्येक फेरीत आपल्यावरून जातो आणि आपल्याला ठरावीक अंतराने ठोके दिसतात. दीपगृहाचा झोत फिरत फिरत यावा तसं. म्हणून याला पल्सार म्हणतात, मराठीत स्पंदक. पहिला पल्सार १९६७ मध्ये जोसेलिन बेल या केंब्रिजमधल्या संशोधक विद्यार्थिनीने शोधला. त्यासाठीचं १९७४ चं नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्यूइश यांना मिळालं. तो वाद आजही निघतो.

बेलने शोधलेला पल्सार एकटा आहे. असे पल्सार स्वतःच्या फिरण्याची ऊर्जा खर्च करून चमकतात. त्यामुळे एखाददुसरा झटका सोडला, तर त्यांचा वेग एकाच दिशेने जातो. ते हळूहळू मंदावतात.

जोडीतल्या पल्सारचं तसं नाही. त्याच्या शेजारी अजून एक तारा असतो. पल्सार आपल्या गुरुत्वाकर्षणाने त्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. हा वायू थेट खाली पडत नाही, अनेकदा आधी पल्सारभोवती फिरत त्याची एक तबकडी तयार होते. मग आतल्या काठाशी पल्सारचं चुंबकीय क्षेत्र त्याला पकडतं आणि ध्रुवांकडे वळवतं. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या लाख कोटी पटींच्या घरातलं असतं. प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास वेगाने वायू पृष्ठभागावर आदळतो, कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि एक्स-रे फेकतो. हायड्रोजनच्या संमीलनातून, म्हणजे सूर्य ज्यावर चालतो त्या प्रक्रियेतून, जेवढी ऊर्जा मिळते, त्याच्या वीसेक पटींहून जास्त ऊर्जा तेवढ्याच वायूच्या पडण्यातून बाहेर येते.

सोप्या भाषेत सांगायचं, तर एकटा पल्सार साठवलेल्या पुंजीवर जगतो आणि जोडीतला पल्सार शेजारच्या घरून येणाऱ्या डब्यावर. डबा कधी वेळेवर येतो, कधी दुप्पट येतो, कधी अर्धा आणि कधी वर्षानुवर्षं येतच नाही. या पल्सारचं सगळं वागणं त्या डब्यावर ठरतं.

हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?

अवकाशातून येणारे एक्स-रे पृथ्वीचं वातावरण अडवतं. आपल्या जिवाच्या दृष्टीने हे बरंच आहे, पण खगोलशास्त्रज्ञांना त्यामुळे वर जावं लागतं. आधी रॉकेट आणि बलून आले. मग १२ डिसेंबर १९७० ला केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या इटालियन तळावरून फक्त एक्स-रे खगोलशास्त्रासाठी बनवलेला पहिला उपग्रह सुटला. तो दिवस केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून उपग्रहाला नाव मिळालं 'उहुरू'. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ स्वातंत्र्य.

१९७१ मध्ये उहुरूला सेंटॉरस एक्स-३ या स्रोतात ४.८ सेकंदांचे ठोके सापडले. गंमत पुढे होती. हे ठोके कधी जरा लवकर येत, कधी जरा उशिरा, आणि हे लवकर-उशिराचं चक्र बरोबर २.१ दिवसांनी पुन्हा सुरू होत होतं. शिवाय दर चक्रात काही काळ स्रोत गायबच व्हायचा. उलगडा असा झाला, की पल्सार दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरतोय. जवळ येतो तेव्हा ठोके लवकर पोचतात, लांब जातो तेव्हा उशिरा, आणि मोठ्या ताऱ्याच्या मागे गेला की ग्रहण लागतं. उहुरूच्या कामामागचे मुख्य शास्त्रज्ञ रिकार्डो जिआकोनी यांना एक्स-रे खगोलशास्त्राचा पाया घातल्याबद्दल २००२ मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे जोडीत पल्सार असतो हे काही महिन्यांत कळलं. तो कसा वागतो हे कळायला पुढची पन्नास वर्षं लागली, आणि अजून लागताहेत. तीन उदाहरणं बघूया.

उदाहरण १: दिवा विझलाय की पडदा पडलाय?

हर्क्युलस एक्स-१ हा पल्सार सुमारे २० हजार प्रकाशवर्षं लांब आहे. त्याच्याकडे तीन घड्याळं आहेत. स्वतःभोवती एक फेरी १.२४ सेकंदांत. साथीदाराभोवती एक फेरी १.७ दिवसांत. आणि तिसरं, जास्त विचित्र, साधारण ३५ दिवसांचं. या ३५ दिवसांत तो दहाएक दिवस झगझगीत दिसतो, मग मंदावतो, मग थोडे दिवस मध्यम उजळतो आणि पुन्हा मंदावतो.

याचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असं, की त्याच्याभोवतीची वायूची तबकडी कललेली आणि पिळलेली आहे. ती स्वतःच डुलत फिरते आणि ठरावीक काळाने आपल्या आणि पल्सारच्या मध्ये येते.

१९८३ मध्ये मात्र हे वेळापत्रकच कोलमडलं. युरोपच्या एक्सोसॅट उपग्रहाने बघितलं, तर पल्सार उजळायची वेळ आली तरी उजळेना. कित्येक महिने असं चाललं. मग त्याचा वायू संपला का?

याचं उत्तर साथीदार ताऱ्याने दिलं. एक्स-रेंच्या माऱ्यामुळे या ताऱ्याची पल्सारकडची बाजू तापलेली असते. तो फिरताना ती बाजू आपल्यासमोर आली की साध्या दुर्बिणीतूनही तारा उजळलेला दिसतो. १९८३ मध्ये ही बाजू तापलेलीच होती. म्हणजे पल्सार सुरू होता, फक्त आपल्यापासून झाकला गेला होता. पडदा पडला होता, दिवा विझला नव्हता.

दिवा विझण्याचा पुरावाही आहे, आणि तो फार जुन्या जागी सापडला. हार्वर्डच्या वेधशाळेत आकाशाचे फोटो घेतलेल्या काचेच्या पट्ट्यांचा प्रचंड साठा आहे. पल्सारचा शोध लागल्यावर संशोधकांनी त्या पट्ट्यांमध्ये हा साथीदार तारा शोधला. तेव्हा दिसलं, की १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत काही वर्षं त्याची ती उजळण्याची लय नव्हतीच. म्हणजे त्या काळात एक्स-रेंचा मारा खरोखर थांबला होता.

ज्यांनी ते फोटो काढले त्यांना एक्स-रे पल्सार हा शब्दही माहीत नव्हता. सूर्यमालेबाहेरचा पहिला एक्स-रे स्रोत सापडला तोच १९६२ मध्ये. तरी त्यांनी फोटो काढले, तारीख टाकली आणि जपून ठेवले. दीर्घकाळाच्या नोंदींचं महत्त्व सांगणारं याहून चांगलं उदाहरण शोधायला नको.

उदाहरण २: वेग वाढता वाढता अचानक मंदावणारा

आता मुख्य पात्र. ४यू १६२६-६७. नावातला 'यू' उहुरूचा. उहुरूच्या चौथ्या यादीत नोंदलेला हा स्रोत आहे. साथीदार अगदी किरकोळ, सूर्याच्या काही शतांश वस्तुमानाचा. दोघं एकमेकांभोवती फक्त ४२ मिनिटांत फेरी पूर्ण करतात. पल्सार स्वतःभोवती फिरायला साधारण ७.७ सेकंद घेतो.

१९७७ मध्ये याचे ठोके पहिल्यांदा मोजले गेले. नंतरच्या मोजमापांत दिसलं, की तो दर वर्षी जरासा वेगवान होतोय. फेरीची वेळ वर्षाला एक-दीड मिलिसेकंदाने कमी होत होती. हे अपेक्षितच होतं. तबकडीतला वायू गरगरत येतो आणि पल्सारला आपल्या फिरण्याचा धक्का देतो. फिरत्या भोवऱ्याला त्याच दिशेने हलके टोले देत राहावं तसं.

एप्रिल १९९१ मध्ये नासाची कॉम्प्टन वेधशाळा वर गेली. तिच्यावरच्या बॅटसी या उपकरणाने अनेक पल्सारवर सलग नजर ठेवायला सुरुवात केली. तेव्हा दिसलं, की ४यू १६२६-६७ आता मंदावतोय. गणित मागे नेऊन बघितलं, तर हे वळण १९९० च्या सुमाराला आलेलं होतं.

पुढची अठराएक वर्षं तो मंदावत राहिला. जून २००८ मध्ये नासाची फर्मी दुर्बीण सुटली. तिने ऑगस्टपासून मोजायला सुरुवात केली, तर हा गडी पुन्हा वेगवान होत होता! म्हणजे फर्मी पोचेपर्यंत वळण होऊन गेलं होतं. मग ते नेमकं कधी आलं? याचं उत्तर स्विफ्टच्या जुन्या नोंदींत सापडलं. फेब्रुवारी २००८ च्या आसपास दिशा बदलली होती आणि हा बदल पुरा व्हायला साधारण १५० दिवस लागले होते. याच सुमाराला त्याची एक्स-रेमधली चमकही दुपटीहून जास्त वाढली होती. हे वळण घडत असताना टिपलं गेलं, कारण स्विफ्ट तिथे आधीपासून रोजची हजेरी घेत होती.

आणि २०२३ मध्ये तो पुन्हा उलटला. चमक घसरली आणि तो मंदावू लागला. या तिसऱ्या वळणाच्या अभ्यासात बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटचे संशोधकही होते.

तेरा वर्षं इकडे, अठरा वर्षं तिकडे, पंधरा वर्षं पुन्हा इकडे. जवळपास पन्नास वर्षांत तीन वळणं.

यात कोडं काय आहे?

पल्सारचा वेग का वाढतो आणि का घटतो, याचं मूळ गणित १९७० च्या दशकाच्या शेवटी प्रणव घोष आणि फ्रेडरिक लॅम्ब यांनी मांडलं. घोष यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, दीर्घकाळ काम केलं.

कल्पना साधारण अशी. वायू भरपूर येत असेल, तर तबकडीचा आतला काठ पल्सारच्या जवळ सरकतो. तिथला वायू पल्सारपेक्षा जलद फिरत असतो, म्हणून तो पल्सारला पुढे ढकलतो. वायू कमी झाला, तर काठ मागे हटतो. मग पल्सारचं चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या संथ वायूत अडकतं आणि ब्रेक लागतो.

हे गणित अनेक पल्सारना लागू पडतं. पण त्यानुसार बदल हळूहळू व्हायला हवा. वायू थोडा कमी झाला, तर वेगवाढ थोडी कमी, मग शून्य, मग मंदावणं. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं. ४यू १६२६-६७ मात्र बटणासारखा वागतो. काही महिन्यांत खट्कन दुसरीकडे जातो, आणि ज्या दराने वेग वाढत होता, जवळपास त्याच दराने घटू लागतो.

जीएक्स १+४ नावाच्या दुसऱ्या पल्सारने तर आणखी गोंधळ घातला. साधारण दोन मिनिटांत एक फेरी घेणारा हा पल्सार १९७० च्या दशकात झपाट्याने वेगवान होत होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो इतका मंद झाला, की दिसेनासा झाला. त्याच दशकात जपानच्या गिंगा उपग्रहाला तो पुन्हा सापडला, तेव्हा तो उलट मंदावत होता. पुढे बॅटसीच्या नोंदींत दिसलं, की तो जास्त तळपतो तेव्हा जास्त जोराने मंदावतो. साध्या गणिताच्या बरोबर उलट.

यावर वेगवेगळे तर्क आहेत. तबकडीचा आतला भाग पिळला जातो का? वायूचा प्रवाह एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत उडी मारतो का? की काही काळ तबकडीच उलट्या दिशेने फिरते? सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून नाही. आणि पन्नास वर्षांत तीनच वळणं मिळत असतील, तर एखादं वळण हुकणं किती महाग पडतं, हे वेगळं सांगायला नको.

उदाहरण ३: वर्षानुवर्षं झोपलेला

तिसरा प्रकार सगळ्यात नाट्यमय. यात साथीदार तारा इतका जोरात फिरत असतो, की त्याच्या कमरेभोवती वायूची कडी तयार होते. पल्सार लांबट कक्षेत फिरताना मधूनमधून या कडीच्या जवळ येतो, वायू ओढतो आणि भडकतो. बाकीचा वेळ तो जवळपास अदृश्य असतो.

वृषभ राशीच्या दिशेला असलेला ए ०५३५+२६ हा यातला नामांकित. त्याची एक कक्षा १११ दिवसांची. १९७५ मध्ये तो भडकला तेव्हाच सापडला. १९९४ मध्ये मोठा भडका उडाला, त्यानंतर तेवढा मोठा भडका यायला २००५ उजाडलं. नोव्हेंबर २०२० मध्ये तो इतका पेटला, की एक्स-रे आकाशात मापदंड मानल्या जाणाऱ्या खेकडा तेजोमेघाच्या सुमारे १२ पट तळपत होता. त्याच्या आजवरच्या नोंदींतला हा सर्वांत मोठा भडका.

असा तारा कधी जागा होईल हे तारीख-वार देऊन सांगता येत नाही. जगभरच्या मोठ्या दुर्बिणी आपापल्या वेळापत्रकात गुंतलेल्या असतात. त्यांना कुणीतरी हाक मारून सांगावं लागतं, 'इकडे बघा, हा उठलाय.' ही हाक मारणारी उपकरणं म्हणजे आकाशाचे पहारेकरी. स्विफ्ट त्यांपैकीच एक.

मग आज पहाऱ्यावर कोण आहे?

पहारेकऱ्यांची यादी काढली, तर काळजी का वाटते हे कळतं.

कॉम्प्टन वेधशाळेची दिशा सांभाळणारी एक फिरकी बिघडली आणि सुरक्षिततेच्या कारणावरून नासाने जून २००० मध्ये ती प्रशांत महासागरात पाडली. बॅटसीचा पहारा तिथेच संपला.

डिसेंबर १९९५ मध्ये गेलेल्या आरएक्सटीई या उपग्रहाने सोळा वर्षं सेवा केली. जानेवारी २०१२ मध्ये तो बंद झाला.

जपानचं मॅक्सी हे उपकरण २००९ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलेलं आहे. स्थानक दीड तासात पृथ्वीची फेरी मारतं आणि त्यासोबत मॅक्सी जवळपास सगळं आकाश झाडून काढतं. पण हे स्थानकच २०३० नंतर खाली उतरवायचं ठरलं आहे. ते उतरवणारं यान बनवण्याचं कंत्राट नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. घर पाडलं, की भाडेकरूही जाणार.

फर्मी २००८ पासून वर आहे. पल्सारच्या फिरण्याचा वेग सातत्याने मोजण्याचं काम आज मोठ्या प्रमाणात तिच्यावरच्या उपकरणावर चालतं. २०१८ मध्ये तिच्या एका सौरपंखाची फिरकी अडकली, तेव्हापासून ती निरीक्षणाची पद्धत बदलून काम करते आहे.

आणि स्विफ्ट, जी आता घसरते आहे.

नवे पहारेकरी नाहीत असं नाही. चीनची आइनस्टाइन प्रोब जानेवारी २०२४ मध्ये गेली, चीन आणि फ्रान्सची एसव्हीओएम जून २०२४ मध्ये. आइनस्टाइन प्रोबच्या रुंद नजरेच्या कॅमेऱ्याचा आवाका जबरदस्त आहे. पण तो कमी ऊर्जेचे, म्हणजे 'मऊ' एक्स-रे बघतो. जोडीतले पल्सार मुख्यतः जास्त ऊर्जेच्या 'कडक' एक्स-रेंमध्ये बोलतात, आणि स्विफ्टचा पहारा तिथेच आहे. त्यामुळे नवा आला म्हणून जुन्याची जागा भरली, असा हिशेब इथे चालत नाही.

शिवाय दोन पहारेकऱ्यांच्या कामाच्या काळात थोडी गाठ पडावी लागते. एकाच वेळी दोघांनी तोच स्रोत मोजला, तरच जुन्या आणि नव्या मोजमापांचा मेळ घालता येतो. जुना गेल्यावर नवा आला, तर 'तारा बदलला की मोजपट्टी बदलली?' हा प्रश्न कायमचा उरतो.

भारत यात कुठे आहे?

बऱ्यापैकी मध्यभागी, आणि त्यात मुंबई-पुण्याचा वाटा मोठा.

१९७५ मध्ये गेलेल्या 'आर्यभट' या पहिल्या भारतीय उपग्रहावरही एक्स-रे खगोलशास्त्राचा प्रयोग होता. वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे तो काही दिवसांतच थांबला. टीआयएफआरची मंडळी हैदराबादच्या तळावरून मोठमोठे बलून सोडून एक्स-रे मोजत राहिली. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या उपग्रहावर टीआयएफआर आणि इस्रोचा एक्स-रे प्रयोग गेला.

या सगळ्या अनुभवातून उभी राहिली 'अ‍ॅस्ट्रोसॅट'. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून ती सुटली. तिच्यावरची एक्स-रेची प्रमुख उपकरणं टीआयएफआरच्या पुढाकाराने तयार झाली आणि ती वापरणाऱ्या संशोधकांना मदत करणारं केंद्र पुण्याच्या आयुकामध्ये आहे. तिच्यावर आकाशाचा एक छोटा भारतीय पहारेकरीही आहे.

स्विफ्ट आणि अ‍ॅस्ट्रोसॅटची जोडी कशी चालते, याचं एक उदाहरण बघा. ऑक्टोबर २०१७ मध्ये स्विफ्टला एक नवा स्रोत सापडला, स्विफ्ट जे०२४३. सुमारे ९.८ सेकंदांत एक फेरी घेणारा हा पल्सार भडकत भडकत इतका तळपला, की आपल्या आकाशगंगेतला पहिला 'अति-तेजस्वी' पल्सार ठरला. अ‍ॅस्ट्रोसॅटने त्याच महिन्यात त्याच्याकडे आपली उपकरणं वळवली. स्विफ्टने हाक मारली आणि अ‍ॅस्ट्रोसॅटने बारकाईने तपासलं.

अ‍ॅस्ट्रोसॅटचं नियोजित आयुष्य पाच वर्षांचं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिला दहा वर्षं झाली. तिच्यावरच्या एकसारख्या तीन एक्स-रे मोजणी संचांपैकी एक २०१८ मध्येच बंद करावा लागला. म्हणजे तीही आता बोनस वर्षांवर आहे.

१ जानेवारी २०२४ ला इस्रोचा एक्सपोसॅट गेला. एक्स-रे लहरींची कंपनं कोणत्या दिशेला झुकलेली आहेत, म्हणजे त्यांचं ध्रुवीकरण, तो मोजतो. पल्सारजवळची भूमिती समजायला हे कामाचं आहे. अमेरिका आणि इटलीच्या आयएक्सपीई दुर्बिणीने हर्क्युलस एक्स-१ चं ध्रुवीकरण मोजलं, तर ते आधीच्या गणितांपेक्षा फारच कमी निघालं. ३५ दिवसांच्या चक्रात फक्त तबकडीच नाही, तर न्यूट्रॉन ताराही डुलत असावा, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक विश्लेषण सुचवतं. म्हणजे पन्नास वर्षं जुनं घड्याळ अजून पूर्ण समजलेलं नाही.

आणि एक प्रस्ताव लक्षात ठेवण्यासारखा आहे, 'दक्ष'. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली टीआयएफआर, आयुका आणि इतर संस्थांनी तो मांडला आहे. पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना दोन एकसारखे उपग्रह ठेवायचे, म्हणजे कोणत्याही क्षणी सगळं आकाश नजरेखाली राहील. त्याचं मुख्य लक्ष्य अचानक होणारे स्फोट आहे. पण जो सतत सगळीकडे बघतो, त्याच्या नोंदवहीत पल्सारही येतातच. १९९० च्या दशकात बॅटसीने नेमकं हेच करून दाखवलं.

याचा आपल्याला उपयोग काय?

प्रामाणिक उत्तर असं, की यामुळे उद्या तुमचा मोबाईल स्वस्त होणार नाही. पल्सारच्या ठोक्यांवरून यानाने अवकाशात स्वतःची जागा ओळखण्याचे प्रयोग झाले आहेत आणि समाजमाध्यमांवर त्यांचे व्हिडिओही फिरतात. पण त्यासाठी फार नियमित ठोक्यांचे पल्सार लागतात. आपले हे डब्यावर जगणारे लहरी पल्सार त्या कामाचे नाहीत.

त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. एवढं तीव्र चुंबकीय क्षेत्र आणि एवढा दाबलेला पदार्थ पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रयोगशाळेत तयार करता येत नाही. इथे निसर्गाने प्रयोग मांडून ठेवलाय आणि वायूचा नळ कमी-जास्त करण्याचं कामही तोच करतोय. आपल्याला फक्त बघत राहायचं आहे. आणि नेमकं 'बघत राहणं' हेच आपल्याला सगळ्यात अवघड जातं.

कारण पैशांचं गणित. नवी दुर्बीण म्हणजे उड्डाण, थेट प्रक्षेपण, टाळ्या. जुनी दुर्बीण चालू ठेवणं म्हणजे दर वर्षी तेच बिल, आणि बदल्यात 'आजही तो तसाच आहे' अशी नोंद. कोणत्याही एका वर्षी ही नोंद निरुपयोगीच वाटते. तीस वर्षांच्या नोंदी एकत्र ठेवल्या, की त्यात वळण दिसतं. पावसाच्या नोंदींचं आणि धरणाच्या पातळीचंही हेच असतं. एका वर्षाचा आकडा फारसं काही सांगत नाही, सलग आकडे सांगतात.

पुढे काय?

स्विफ्टला वाचवण्याची योजना धाडसाची आहे. विमानाच्या पोटाखालून सोडल्या जाणाऱ्या पेगासस रॉकेटने २०२६ मध्ये एक छोटं यान पाठवायचं आणि त्याने स्विफ्टला पकडून वरच्या कक्षेत न्यायचं, असं नियोजन आहे. स्विफ्ट बांधली तेव्हा तिला कुणी येऊन पकडेल, असा विचारही नव्हता, त्यामुळे धरायला कडी नाही की खाच नाही. हे जमलं, तर इतर जुन्या उपग्रहांसाठीही दार उघडेल. नाही जमलं, तर कडक एक्स-रेंमधल्या रोजच्या हजेरीचा मोठा भार थांबेल.

तोपर्यंत एक गोष्ट तुम्हीही करू शकता. स्विफ्ट, मॅक्सी आणि फर्मी या तिघांचे पल्सारचे आलेख इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत खुले आहेत. ना लॉगिन, ना फी. फर्मीच्या पानावर ४यू १६२६-६७ शोधा. वर्षानुवर्षं एका बाजूला जाणारी ठिपक्यांची रांग २०२३ मध्ये वळलेली तुम्हाला दिसेल.

आधीच्या हिशेबाने बघितलं, तर पुढचं वळण २०३५ ते २०४० च्या आसपास यायला हवं. अर्थात हा तारा वेळापत्रक पाळेलच, असं नाही. तो वळेल तेव्हा पहाऱ्यावर कोण असेल, हे मात्र आत्ताच्या निर्णयांवर ठरणार आहे.